१२४८ सीसीचे डिझेल इंजिन: मापे, टिकाऊपणा आणि निगा

लहान मोटारींतल्या टर्बो-डिझेल इंजिनांपैकी भारतात सर्वाधिक ओळखीचे ठरले ते फियाटचे १.३ मल्टिजेट. मारुतीच्या गाडीवर ते डीडीआयएस या नावाने आले, टाटांच्या गाडीवर क्वाड्राजेट आणि शेवरोलेच्या गाडीवर स्मार्टेक. चिंचवडच्या प्रीमियरने आपल्या रिओतही तेच बसवले. बिल्ले वेगळे, पण बॉनेट उघडले की आत तोच चार सिलिंडरांचा, १२४८ घनसेंटिमीटरचा ठोकळा. या प्रकरणात लहान डिझेल इंजिनाची ओळख त्यामुळे याच एका नमुन्यावरून करून दिली आहे.

फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या त्या वेळच्या भागीदारीतून हे इंजिन घडले आणि २००३ मध्ये पोलंडमधल्या कारखान्यातून बाहेर पडू लागले. २००५ मध्ये एक ते १.४ लिटरच्या गटात त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. सुझुकीने परवाना घेऊन हरियाणातल्या मानेसरला ते बांधायला घेतले आणि २००७ च्या सुरुवातीला डिझेल स्विफ्ट आपल्याकडे आली. पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशी रांगच लागली.

पुणे जिल्ह्याशी या इंजिनाचे नाते दुहेरी आहे. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात ते तयार होऊ लागले, आणि इंडिका व्हिस्टा (२००८), लिनिया व ग्रँड पुंटो (२००९), मांझा, झेस्ट या गाड्यांत बसले. तळेगावला जनरल मोटर्सनेही याच घराण्याची इंजिने बांधली. बीटचे तीन सिलिंडरांचे ९३६ सीसीचे डिझेल हे त्यातलेच. चारातला एक सिलिंडर कमी केला की हाच आकडा येतो.

आता याच जिल्ह्यातल्या वापराकडे. बारामती तालुक्यातले सुपे रांजणगावहून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे, मधे भीमा. अष्टविनायकातला महागणपती रांजणगावला आणि मयूरेश्वर मोरगावला, तेव्हा यात्रेच्या एर्टिगा आणि डिझायर मोरगाव-चौफुला रस्त्याने सुप्यावरूनच जातात. या गाड्यांतली इंजिने मुख्यतः मानेसरची, काही रांजणगावची. पण नकाशा एकच, आणि सुप्यातल्या फिटरला दोन्ही सारखीच उलगडतात. हा तालुक्याचा जिरायती भाग. मयूरेश्वर अभयारण्याचे माळरान, चिंकारांचे कळप, फुफाट्याच्या शिववाटा. पूर्वेला इंदापूरच्या अंगाने गेले की कालव्याचा बागायती पट्टा, ऊस आणि साखर कारखाने. एकच इंजिन या दोन मुलखांत वेगवेगळ्या कारणांनी झिजते. कंपनीच्या पुस्तिकेत दोघांसाठी एकच तक्ता असतो, म्हणून हा फरक गाडी वापरणाऱ्यानेच ध्यानात ठेवायचा असतो.

मापे आणि त्यांचा अर्थ

सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६९.६ मिलिमीटर. पिस्टनची वरखाली होण्याची चाल, म्हणजे स्ट्रोक, ८२ मिलिमीटर. या दोन मापांतून एका सिलिंडरची धारणा ३१२ घनसेंटिमीटर निघते. चारांची मिळून १२४८. बोअरपेक्षा स्ट्रोक बराच मोठा आहे. असे इंजिन फार वेगाने फिरायला नाखूश असते, पण कमी फेऱ्यांत ओढ चांगली देते. ४००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर होतो आणि कमाल ताकदही तिथेच मिळते. त्यापुढे नुसता आवाज वाढतो.

ठोकळा बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार याप्रमाणे सोळा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप सांभाळली जाते, त्यामुळे जुन्या डिझेलप्रमाणे ठरावीक काळाने फीलर गेज घालून टॅपेट लावण्याचे काम इथे नाही. सगळे इंजिन सुमारे १३० किलोचे. डिझेल इंजिन म्हणजे जड, हा पूर्वीचा समज या आकड्याने मोडला, आणि त्यामुळेच ते स्विफ्टसारख्या छोट्या गाडीच्या नाकात मावले.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलमध्ये दाबच ठिणगीचे काम करतो. या इंजिनाच्या भारतीय आवृत्तीचे संपीडन गुणोत्तर १७.६ ला १ असे दिले जाते. म्हणजे पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जी ३३१ घनसेंटिमीटर जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर जेमतेम १९ उरते. टर्बोने आधीच दाबून भरलेली हवा आणखी इतकी दाबली गेली की ती तापून कित्येक शे अंशांवर पोचते आणि त्यात फवारलेले डिझेल आपसूक पेटते. सकाळच्या गारव्यात ही उष्णता कमी पडू नये म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे ते त्याच्यासाठी.

ताकदीचे आकडे दोन प्रकारचे आहेत. साध्या, म्हणजे न बदलणाऱ्या पात्यांच्या टर्बोसह ४००० फेऱ्यांना ७५ पीएस आणि २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर टॉर्क. मार्गदर्शक पाती फिरवून वायूचा झोत कमीजास्त करणाऱ्या टर्बोसह ताकद ९० पीएसपर्यंत जाते आणि टॉर्क २०० च्या आसपास, तोही १७५० फेऱ्यांनाच. ब्रेझा आणि सियाझमध्ये हा दुसरा प्रकार होता. ओढीचा खरा आकडा टॉर्कचा. २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ५४ पीएस. निम्म्या वेगालाच एकूण ताकदीचे सत्तर टक्के हाताशी येतात. ४००० फेऱ्यांना मात्र टॉर्क १३२ वर उतरलेला असतो. घाटात गाडी ओढेनाशी झाली की इंजिन किंचाळेपर्यंत फिरवण्यात काही हशील नाही. गिअर खाली घेऊन ते दोन-अडीच हजारांवर ठेवले की ते मुकाट्याने ओढते.

हे आकडे किती मोठे आहेत ते आधीच्या पिढीशी ताडून पाहिले की कळते. टाटांची पहिली डिझेल इंडिका १९९८ अखेरीस आली. तिचे इंजिन १४०५ सीसीचे, टर्बोविना, आणि टॉर्क ८५ न्यूटन-मीटर. दहा वर्षांनी त्याहून लहान इंजिन दुपटीपेक्षा जास्त ओढ देऊ लागले. वाढीव ताकद दोन ठिकाणांहून आली, टर्बो आणि कॉमन रेल. आणि पुढे दुरुस्तीची बिलेही मुख्यतः याच दोन ठिकाणांहून आली.

टर्बो आणि कॉमन रेल

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंत बरीच शक्ती वाया जाते. टर्बो त्या वायूंवर एक छोटे चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त तर डिझेल जास्त जाळता येते. या आकाराचा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारू शकतो. त्याचा दांडा कोणत्याही बॉल बेअरिंगवर टेकलेला नसतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर म्हणजे इंजिनचेच ऑईल. बारामतीचे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. तिथे विनाटर्बो इंजिनाला पाच-सहा टक्के हवा कमी मिळते, टर्बोवाल्याला ही उणीव जाणवत नाही.

टर्बोची एक खोड सगळ्या चालकांना ठाऊक आहे. १८०० फेऱ्यांच्या खाली वायूंचा झोत अपुरा असतो, गाडी सुस्त वाटते आणि मग एकदम उसळते. गर्दीच्या रस्त्यावर ही सुस्ती झाकण्यासाठी अर्धा क्लच दाबून रेस देण्याची सवय लागते. मोरगावच्या चतुर्थीच्या गर्दीत किंवा उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना क्लच प्लेट लवकर जाते, तिचे मूळ बहुधा इथेच असते.

जुन्या डिझेलमध्ये पंप आणि नोझल यांची जोडी असे. पंपाने ढकलले की नोझल उघडे, एका चालीला एकच फवारा. कॉमन रेल पद्धतीत पंप डिझेल सतत एका जाड नळीत दाबून ठेवतो. या इंजिनात तो दाब १४०० बारपर्यंत, पुढच्या आवृत्त्यांत १६०० पर्यंत जातो. १४०० बार म्हणजे वातावरणाच्या चौदाशेपट. प्रत्येक इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडायचा हे संगणक ठरवतो. अशी पहिली मोटार म्हणून १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ चे नाव घेतले जाते. ती कल्पना फियाटच्याच संशोधन केंद्रांत वाढली आणि बॉशने ती उत्पादनात आणली. ‘मल्टिजेट’ या नावातच पुढची पायरी आहे: एका ज्वलनासाठी एकाऐवजी पाचपर्यंत फवारे. आधी इवलासा फवारा आग चेतवतो, मग मुख्य फवारा येतो. सगळे डिझेल एकदम पेटत नाही, म्हणून जुन्या डिझेलचा तो खडखडाट इथे बराच कमी.

पूर्ण ताकदीवर एका वेळच्या फवाऱ्यांत मिळून तीसेक मिलिग्रॅम डिझेल जाते आणि ४००० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला हे सेकंदाला तेहतीस वेळा घडते. फवाऱ्याची छिद्रे एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास, आणि आतली सुई ज्या फटीत सरकते ती काही हजारांश मिलिमीटरची. डिझेलमधला कचरा, पाणी आणि भेसळ यांविषयी एवढी ओरड का होते ते या मापांवरून ध्यानात यावे. पंपाला आणि सुईला वेगळे वंगणही नाही. डिझेलचा चिकटपणा हेच त्यांचे वंगण. रॉकेल मिसळलेल्या डिझेलवर गाडी चालते, पण पंप कोरडा घासला जातो.

पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेला २०१७ च्या डिझायर डिझेलचा आकडा लिटरला २८.४ किलोमीटर होता. तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक चालीचा आकडा. प्रत्यक्ष रस्त्यावरचे ॲव्हरेज त्याहून बरेच खाली असते, आणि त्यात दोष गाडीचा असतोच असे नाही. मात्र एकाच गाडीचे, त्याच रस्त्यावरचे ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने अचानक घसरले तर ती तक्रार खरी धरावी.

टिकाऊपणा

हे इंजिन बाजारात आणताना फियाटने यांत्रिक भागांचे आयुष्य अडीच लाख किलोमीटर सांगितले होते. पर्यटनाच्या गाड्यांनी तो आकडा गाठला आणि ओलांडलाही. बिडाचा ठोकळा, क्रँक आणि पिस्टन सहसा तक्रार करत नाहीत. ज्या गाडीचे इंजिन लाख-सव्वा लाखातच ‘कामाला येते’, तिथे बहुतेक वेळा ऑईलची हयगय आढळते.

याचे कारण एका छोट्या आकड्यात आहे. या इंजिनात तीन लिटरच्या आसपासच ऑईल मावते. एवढ्याशा ऑईलने पिस्टन-क्रँकचे वंगण करायचे, टर्बोचा दांडा तरंगत ठेवायचा, व्हॉल्व्हची फट सांभाळायची, टायमिंग चेन ताणून धरायची आणि ज्वलनातली काजळीही पोटात घ्यायची. पाच-सहा लिटर ऑईलच्या जीप-ट्रॅक्टरमध्ये अर्धा लिटर कमी झाले तर निभते. इथे अर्धा लिटर म्हणजे सहावा हिस्सा.

टायमिंग चेन हा या इंजिनाचा गुणही आहे आणि दुखणेही. पट्ट्याऐवजी चेन असल्याने ती ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही. पण चेनचा ताण सांभाळणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल जुने झाले, काजळीने घट्ट झाले की चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, आणि थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो. हा आवाज म्हणजे इंजिनाने दिलेली आगाऊ सूचना असते. ती ऐकून चेन, गाइड आणि टेन्शनर एकत्र बदलले तर काम आवाक्यात राहते. चेनने दात सोडला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेड उतरवावे लागते. रेडिओ बंद ठेवून, काच खाली करून सकाळचे पहिले स्टार्टिंग ऐकण्याची सवय या गाडीच्या मालकाने लावून घेतलीच पाहिजे.

दुसरे नेहमीचे दुखणे ईजीआरचे. नायट्रोजनची घातक ऑक्साइड्स कमी व्हावीत म्हणून जळालेल्या वायूंचा काही भाग हा व्हॉल्व्ह पुन्हा इंजिनात सोडतो. त्या वायूंतली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये काळा चिखल साचत जातो. मग गाडीची पिकअप जाते, काळा धूर येतो, कधी चेक लाइट पेटतो. बागायती पट्ट्यात हे जास्त दिसते, कारण तिथला वापर घर-मळा-कारखाना असा दोन-चार किलोमीटरचा आणि हंगामात ट्रॉल्यांच्या मागे रांगत चालण्याचा. इंजिन पुरते तापतच नाही. उपाय दोन: व्हॉल्व्ह काढून साफ करणे, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग, थोड्या चढ्या फेऱ्यांवर चालवणे. ईजीआरचे तोंड पत्रा लावून बंद करण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. ती बेकायदा आहे आणि गावच्या हवेत विष सोडणारी आहे. ती करू नये.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे वॉशर असते. ते दबले की ज्वलनाचा वायू बाजूने निसटतो, ‘फस् फस्’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखे काळे कीट जमते. वेळीच पाहिले तर खर्च वॉशरचा. कीट वाळून दगड झाले तर इंजेक्टर निघताना तुटतो. इंजेक्टर स्वतः बिघडला की नाही हे पाहण्याची साधी पद्धत म्हणजे चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून इंजिन चालू ठेवणे. ज्याच्या बाटलीत डिझेल इतरांहून फार जास्त साठते तो झिजलेला. नवा बसवला की त्याच्यावरचा सांकेतिक क्रमांक स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टर घालूनही इंजिन लंगडतच राहते.

इथे एका जुन्या सवयीबद्दल गांभीर्याने सांगणे जरूर आहे. पंप-नोझलच्या काळात कोणता सिलिंडर मारत नाही हे ओळखायला फिटर चालू इंजिनावरच नोझलच्या पाइपचा नट सैल करून पाहत. कॉमन रेलवर हे कधीही करायचे नसते. १४०० बारने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतले मांस सडते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झालेच तर दुखत नसले तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचे. इंजिन बंद करून रेलमधला दाब उतरू दिल्याशिवाय त्या नळ्यांना पाना लावायचा नाही.

टर्बो आपणहून क्वचितच मरतो. त्याला मारतात ती तीन कारणे: घाण ऑईल, फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ, आणि तापलेल्या स्थितीत एकदम बंद केलेले इंजिन. दिवे घाट पूर्ण जोरात चढून वर येताच गाडी बाजूला घेऊन किल्ली फिरवली, तर ऑईलचा पुरवठा थांबतो आणि लालबुंद टर्बोतले ऑईल जागच्या जागी जळून कोळसा होते. मिनिटभर संथ चालू ठेवले की वेळ भागते. सकाळी सुरू केल्यावरही तेवढेच. ऑईल टर्बोपर्यंत पोचण्याआधी रेस द्यायची नाही.

निगा

ऑईल बदलण्याचा पल्ला मारुतीच्या गाड्यांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते. हे ‘एक वर्ष’ बहुतेकांच्या ध्यानातून सुटते. वर्षाला चारच हजार चालणाऱ्या गाडीचे ऑईलही वर्षाने बदलायचे असते, कारण छोट्या फेऱ्यांत त्यात काजळी, ओल आणि न जळलेले डिझेल उतरते. धूळ, ओझे आणि रांगती चाल असलेल्या वापरासाठी पुस्तिकांत आखूड पल्ल्याची शिफारस असते. सुपे-इंदापूरचा वापर याच प्रकारात मोडतो, आणि इथे ७,००० च्या आसपास ऑईल बदलणे शहाणपणाचे. ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे, म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० चे डिझेलला चालणारे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले जाड ऑईल यात ओतू नये. थंड सकाळी ते टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावते. ऑईल बदलताना फिल्टरही बदलायचाच. बदलल्यावर आठवड्याभरात ऑईल काळे दिसते, त्याने घाबरू नये. डिझेलमध्ये काजळी धरून ठेवणे हे ऑईलचे कामच आहे. पातळी मात्र दर पंधरा दिवसांनी, सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी काढून पाहावी. पातळी वाढलेली दिसली तर तीही धोक्याची; डिझेल झिरपून ऑईल पातळ होत असल्याची ती खूण असते.

हवेचा हिशेब मांडला की फिल्टरचे महत्त्व पटते. २००० फेऱ्यांना हे इंजिन टर्बो न धरताही मिनिटाला साडेबाराशे लिटर, म्हणजे तासाला ७५ घनमीटर हवा ओढते. टर्बोने दाबलेली हवा धरली तर आकडा शंभरच्या वर जातो. एका मध्यम खोलीत जेवढी हवा असते तिच्या दुप्पट-तिप्पट. उन्हाळ्यात सुप्याच्या माळावरून पुढच्या गाडीच्या धुरळ्यात तासभर चालले की तेवढ्या हवेतली सगळी माती एका कागदी फिल्टरला अडवायची असते. मातीतले वाळूचे कण लोखंडाहून कठीण. ते आत गेले की टर्बोची पाती कुरतडली जातात आणि पुढे रिंगा व बोअर घासतात. ‘गाडी ऑईल खाते’ ही तक्रार अशी सुरू होते. जिरायती भागात फिल्टर दर तीन-चार हजारांनी काढून पाहावा. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून जोरात मारली की धूळ कागदात रुतते आणि कागद फाटतोही. फिल्टर डब्याच्या कडेला नीट बसला आहे ना आणि टर्बोकडच्या रबरी नळीला चीर नाही ना, हे त्याच वेळी बघावे. फिल्टरच्या पलीकडची एक चीर नव्या फिल्टरचे सगळे पैसे वाया घालवते.

डिझेल फिल्टर खालच्या कप्प्यात पाणी वेगळे करतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ते सोडून द्यावे, आणि पाण्याचा दिवा पेटला तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. पाण्याने पंप आणि इंजेक्टर गंजतात आणि चारही इंजेक्टरांचे बिल जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. शेतावर बॅरलमध्ये साठवलेले डिझेल ट्रॅक्टर पचवतो, या इंजिनाला ते घालू नये. बॅरलच्या बुडाशी पाणी आणि गंज असतोच. डिझेलच्या दर्जातही मधल्या काळात मोठा बदल झाला. २०१० मध्ये पुणे आणि सोलापूरसह तेरा शहरांत भारत स्टेज-४ चे, ५० पीपीएम गंधकाचे डिझेल मिळू लागले. बाकी भागात ३५० पीपीएमचे चालू होते. पुणे-सोलापूर रस्त्यावरची गाडी मग दोन्ही टोकांना एक आणि मधल्या गावांत दुसरे डिझेल भरत असे. एप्रिल २०१७ पासून देशभर ५०, आणि एप्रिल २०२० पासून १० पीपीएम. जुन्या इंजिनाला आजचे डिझेल खुशाल चालते.

रेडिएटरच्या पाण्याबाबत जिरायती भागाने विशेष जपावे. इथल्या बोअरचे पाणी जड. चहाच्या पातेल्याला जे पांढरे किटण धरते तेच हेडच्या बारीक वाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरते. ॲल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की गॅसकेट जाते, आणि इंजिन उतरवण्याचे काम निघते. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळलेले कूलंट, एवढेच चालते. वाटेत पाणी कमी पडून नळाचे घालावे लागले तर गावी पोचल्यावर सगळे सोडून नवे भरावे. तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी उभी करायची. पुढच्या गावापर्यंत कशीबशी नेण्याचा हट्ट हेडच्या किमतीला पडतो.

जुनी गाडी घेताना

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ लागू झाले. लहान डिझेलला ते नियम पाळायला लावण्याचा खर्च गाडीच्या किमतीला परवडणारा नव्हता; मारुतीने आपली डिझेल गाड्यांची विक्री तेव्हाच थांबवली आणि १२४८ सीसीचे हे इंजिन नव्या गाड्यांतून गेले. आता ते मिळते ते जुन्या बाजारात, म्हणून त्याची पारख करता येणे गरजेचे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी मालकाला इंजिन सुरू करू नका असे सांगून ठेवावे. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी आणि मग स्टार्टिंग ऐकावे. चेनचा खुळखुळाट दोन-तीन सेकंदही ऐकू आला तर चेनचा खर्च भावातून वजा करावा. ऑईलचे झाकण उघडून चालू इंजिनावर पालथे ठेवावे; नुसते थरथरले तर ठीक, उडून पडत असेल तर रिंगा गेल्या. धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून फिल्टर, ईजीआर, इंजेक्टर आणि टर्बोच्या नळ्या बघायच्या. निळा म्हणजे ऑईल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत असेल, तर गॅसकेटचा संशय. गाडी चालवून पाहताना तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. १८०० ते २००० च्या दरम्यान ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. ती आली नाही आणि शिट्टीसारखा आवाज वाढत गेला तर टर्बोची नळी फाटलेली किंवा टर्बोच गेलेला. स्कॅनर लावल्याशिवाय व्यवहार करू नये. नुकतेच पुसलेले दोष काही किलोमीटर चालवल्यावर परत उमटतात, म्हणून तो चालवून आल्यावर लावावा.

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसिंगच्या पावत्या महत्त्वाच्या. दोन लाख चाललेली, दर दहा हजारांना ऑईल बदललेली यात्रेची डिझायर ही ऐंशी हजार चाललेल्या पण तीन वर्षे ऑईल न बदललेल्या घरच्या गाडीपेक्षा बहुधा चांगली निघते. सुट्या भागांची अडचण तूर्त नाही. एवढ्या कंपन्यांनी हेच इंजिन वापरल्याने फिल्टर, चेन संच, वॉशर, हीटर प्लग तालुक्याच्या गावीही मिळतात. मात्र मागवताना ७५ की ९० पीएस हे सांगावे लागते, कारण टर्बो आणि काही इंजेक्टर दोन्हींचे वेगळे आहेत.